टर्नर आडे हिच्या लग्नाला

वाशिमहून परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी कराडात भेटेल तो विचारतो, "तिकडं तुमचं कोण?" माझं तिकडं कोणीच नव्हतं. वाशिम नकाशात नेमकं कुठं आहे, हेसुद्धा मी निघायच्या आदल्या आठवड्यात पाहिलं. मला लग्नाचं बोलावणं आलं होतं आणि पत्रिकेत नवरीच्या नावाच्या जागी माझं आडनाव छापलेलं होतं.

मी कुमुद टर्नर. आमचं घर मूळचं नगरकडचं, ख्रिस्ती. नोकरी मात्र सगळी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गेली. एका साखर कारखान्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रावर मी नर्स होते. गावात मला कुमुद कोणी म्हणालं नाही. मी टर्नर सिस्टर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. लग्न केलं नाही, भावाला मूल नाही, तेव्हा आमच्या घरातली मी शेवटची टर्नर, असं मी गमतीनं सांगत असे.

मार्चअखेर मोबाइलवर एक पत्रिका आली. वर देवीचा फोटो, खाली 'चि. सौ. कां. टर्नर, श्री. गोविंद आडे यांची ज्येष्ठ कन्या'. छापणाऱ्याची चूक असेल असं वाटलं. तासाभरानं नवरीचाच फोन आला. चोवीस वर्षांपूर्वी तिचे आईवडील मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यातून आमच्याकडं ऊसतोडीला आले होते. ती माझ्या उपकेंद्रात जन्मली. नाळ गळ्याभोवती होती, पोर रडेना, सिस्टरनं तिला वाचवलं, म्हणून बापानं सिस्टरचं नाव ठेवलं. आता सासरचे लोक लग्नात तिचं नाव बदलायचं म्हणत होते आणि तिला ते बदलायचं नव्हतं.

"तुमी आल्या तर माझ्या बाले जोर येईन," ती म्हणाली. "थो एकटा पडून राह्यला. बोलाचं ते मी बोलीन, तुमी फक्त बसून राहा."

मी हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर जुने दिवस आठवायला लागले, तर गोविंद आडे नावाचा माणूस मला आठवेना. दर हंगामात टोळ्या यायच्या, पाचटाच्या कोप्यांमधल्या बायका यायच्या, बाळंत व्हायच्या, चौथ्या दिवशी पुन्हा उसात दिसायच्या. किती बाळं हातावर आली याचा हिशोब मी कधी ठेवला नाही. पण गळ्याभोवती नाळ असलेलं, न रडणारं मूल मी विसरेन असंही वाटेना. हे मनात घेऊनच निघाले.

मंगरूळपीर, मानोरा

पुण्याहून वाशिमपर्यंतचा प्रवास झोपेत गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाशिमच्या स्टँडवर सकाळी आठलाच ऊन डोळ्यांवर येत होतं. मानोऱ्याच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "कुठी जाऊन राह्यल्या मावशी? लग्नाले?" आमच्याकडं कंडक्टर एवढी चौकशी करत नाही. मी तांड्याचं नाव सांगितलं, तर मागच्या सीटवरच्या बाईनं तिथल्या चार घरांची माहिती दिली आणि मी कोणाकडं चालले ते स्वतःच ओळखून दाखवलं. "त्या बकऱ्यावाल्या मॅडमचं लगन," ती म्हणाली. मला तेव्हा काही उलगडलं नाही.

मंगरूळपीरला गाडी थांबली तेव्हा पोहे घेतले. गाडीवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू का वरून?" पोह्यांवर सांबार कोण खातं, असं वाटून मी ठासून नको म्हणाले. मग शेजारच्यांच्या बशांकडं पाहिलं, तर सगळ्यांच्या पोह्यांवर हिरवीगार कोथिंबीर. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. परत मागायची लाज वाटली. तसेच कोरडे पोहे खाल्ले.

पुढचा रस्ता मला आवडला. आमच्याकडं उन्हाळ्यातही डोळ्यांपुढं हिरवा ऊस असतो. इथं तूर, सोयाबीन केव्हाच निघून गेलेलं, रानं नांगरून काळी करून ठेवलेली, मधूनच एखादं निंबाचं झाड. मानोऱ्याकडं जाताना टेकड्या लागतात, त्यांवरचा साग निष्पर्ण उभा होता. हिरवं काही नाही, तरी ओकंबोकं वाटलं नाही. जमीन कामाची वाट बघत बसल्यासारखी दिसत होती.

मानोऱ्याच्या स्टँडवर मला न्यायला स्वतः नवरी आली होती. स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. पुढं पायाशी लशीचा निळा डबा. अठ्ठावीस वर्षं असले डबे वागवले, त्यामुळं आधी डब्याकडंच लक्ष गेलं. ती पाया पडली आणि म्हणाली, "बर्फ हाये त्यात, पाय नका लावू." तिनं पशुवैद्यकाची पदविका केली आहे. आसपासच्या दहाबारा तांड्यांवर शेळ्या-गुरांना लस टोचत, जखमा धूत फिरते. हळद दोन दिवसांवर आली असतानाही सकाळी एका गाभण शेळीला पाहून आली होती.

वाटेत एका म्हाताऱ्यानं हात करून स्कूटी थांबवली. त्याच्या कालवडीच्या पायातल्या जखमेत अळ्या झाल्या होत्या. टर्नरनं उतरून पाय पाहिला, औषध लावलं. निघताना म्हातारा कालवडीच्या पाठीवर थाप मारत मला म्हणाला, "इचंबी नाव टर्नरच हाये." गेल्या वर्षी ही वासरू असताना मरता मरता वाचली, म्हणून त्यानं डॉक्टरीणबाईचं नाव तिला दिलं होतं. मी शेवटची टर्नर नव्हते तर. मी त्या कालवडीकडं जरा नीट पाहून घेतलं. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, देखणी होती.

तांडा

तांडा एका उतारावर आहे. पन्नासेक घरं, बहुतेक पक्की, दारापुढं निंब. हंगाम संपवून माणसं नुकतीच परतली होती. कोयते वळचणीला खोचलेले, आणि जी लग्नं सहा महिने थांबली होती ती सगळी आता एकामागून एक चाललेली. घराघरातून त्यांची आपसातली बोली ऐकू येत होती, तिच्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्याशी मात्र सगळे वऱ्हाडीत बोलत.

अंगणात पाऊल टाकलं आणि माझा घोळणा फुटला. नाकातून रक्त पातळावर. उन्हाची सवय नाही, दुसरं काही नाही. पण पाहुणी दारात आणि रक्त, म्हणून बायका घाबरल्या. कोणी डोक्यावर पाणी ओतलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. तेवढ्यात नवरी पुढं झाली, माझं डोकं खाली वाकवलं आणि दोन बोटांनी नाक दाबून धरलं. जनावराला धरावं तसं घट्ट. "हलू नका," म्हणाली. मी सगळ्या जन्मात लोकांना हेच सांगत आले. पाच मिनिटांत रक्त थांबलं आणि तांड्याशी माझी ओळख करून द्यायची गरजच उरली नाही. सगळ्यांनी मला नाक दाबलेल्या अवस्थेत पाहून घेतलं होतं.

तिचे वडील गोविंदभाऊ पन्नाशीचे असतील, उन्हानं रापलेले, बोलायला हौशी. आई केसीबाई तशी अबोल. दुपारी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा जेवायला होता. ठेचा मी चिमूटभर घेतला तरी केसीबाईंनी न बोलता ताकाचा तांब्या माझ्यापाशी सरकवला.

ऊन कलल्यावर निंबाखाली बाज टाकली. शेजारपाजारचे जमले आणि गोविंदभाऊंनी जन्माची गोष्ट सांगायला घेतली. त्यांनी ती आजवर शंभरदा सांगितली असेल, ऐकणाऱ्यांना पुढचा शब्द पाठ होता. बैलगाडीतून बायकोला कसं आणलं, आपण बाहेर वडाखाली कसे बसलो, आतून पोराचा आवाज कसा येईना. "आन् सिस्टर आत ओव्या म्हनून राह्यली होती," ते म्हणाले. "माह्या जिवाचं पानी पानी आन् सिस्टर ओव्या म्हनते. मी म्हतलं, ज्या बाईले गाणं सुचते, थे माह्या बायकोले मरू देनार नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी मान हलवली खरी. मी कधी ओवी म्हटलेली नाही. मला चर्चमधली गाणीसुद्धा सुरात येत नाहीत. आमच्या उपकेंद्रात बाळंतिणीजवळ ओव्या म्हणायच्या त्या अक्काताई. अक्काताई आमच्याकडं मदतनीस होत्या. मी तालुक्याला बैठकीला गेले की केंद्र त्यांच्या भरवशावर असायचं. त्या दिवशी मी तिथं नव्हतेच. संध्याकाळी परत येऊन मी दाखल्यावर सही केली असणार आणि त्या कागदावरचं नाव या घरात चोवीस वर्षं पूजलं गेलं.

मग मला आठवेना यात नवल काय होतं.

दुसरा दिवस

सकाळी केसीबाई चुलीपाशी एकट्या होत्या. त्या दिवशी दुपारी नवऱ्यामुलाकडचे लोक नावाचं बोलायला येणार होते. मी रात्रभर ठरवलं होतं की आधी आईला सांगायचं. खोट्या माणसानं खऱ्या पोरीची बाजू कशी घ्यायची? पण सांगितलं तर पोरीच्या हातातलं एकुलतं एक बळ मी काढून घेत होते, हेही दिसत होतं. तिनं मला एवढ्या लांबून त्यासाठीच बोलावलं होतं.

मी पाटावर बसले आणि म्हणाले, "केसीबाई, तुमचं बाळंतपण मी केलं नाही."

त्यांनी भाकरी उलटली. "मले मालूम हाये सिस्टर," त्या म्हणाल्या. "मी का आंधळी होती? जिनं केलं तिच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं."

मी पाट चुलीजवळ ओढला. त्याच बोलत राहिल्या, चुलीकडं बघत, सावकाश. पोर रडल्यावर त्यांनी अक्काताईंना विचारलं होतं की बाई, तुझं नाव काय, तेच इला ठेवते. अक्काताईंनी नाव सांगितलंच नाही. केसीबाईंनी त्यांचे शब्द जसेच्या तसे, आमच्याकडच्या बोलीत म्हणून दाखवले: "माझं नगं ठेवूस गं. आमची टर्नर सिस्टर हाय बघ, मुकादम आला तरी खुर्चीवरनं उठत न्हाई. तिचं ठेव."

त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, कारण त्याची गोष्ट त्याला आवडायची. त्यात खोटं म्हणावं तर नाव खोटं नव्हतं.

अक्काताईंबरोबर मी अकरा वर्षं काम केलं. त्या उशिरा आल्या की मी बोलायची, कागद जागेवर नसला की बोलायची. त्यांनी उलट उत्तर दिल्याचं आठवत नाही. टोळ्यांचा मुकादम आला की मी खुर्चीवरून उठत नसे हे खरं, पण ते धैर्य नव्हतं. उठले तर पाय कापतील आणि त्याला दिसतील, या भीतीनं मी बसून राहायची. हे अक्काताईंना कधी कळलं नसेल. किंवा कळलंही असेल. त्या जाऊन आता नऊ वर्षं झाली. चुलीचा धूर होता, त्यामुळं डोळे पुसायला अडचण आली नाही.

दुपारी रिसोडकडून जीप आली. नवरा मुलगा संदीप, वीज खात्यात कंत्राटी वायरमन, आणि त्याची आत्या धुरपताबाई. आई लहानपणीच गेली, त्याला आत्यानं वाढवलेलं, त्यामुळं शब्द तिचा. बाई साठीच्या, ताठ, अंगात आरसे लावलेली चोळी, तिला त्यांच्यात कांचळी म्हणतात, वर स्वच्छ पदर. मी त्यांना कजाग समजून बसले होते. तशा त्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगी त्यांना पसंत होती, नाव नव्हतं. टर्नर हे आयटीआयतल्या मशीनवाल्याचं नाव. लोक पोराला चिडवतात की टर्नरला वायरमन भेटला, आता फिटर तेवढा पाहा. आणि पोहरादेवीला सुनेला घेऊन गेल्यावर देवीपुढं तिचं कोणतं नाव घ्यायचं? त्यांनी तनुजा हे नाव काढून ठेवलं होतं.

टर्नर पुढं आली आणि म्हणाली की बारा तांड्यांत लोक तिला या नावानं हाक मारतात, कागदपत्रं याच नावाची आहेत, आणि चिडवायचं म्हणाल तर शाळेपासून तिला चिडवतात, तिला त्याची सवय आहे. गोविंदभाऊ मान खाली घालून बसले होते. मग धुरपताबाई माझ्याकडं वळल्या.

"तुमचंच नाव ना हे? याचा अर्थ काय व्हते, सांगा."

मला फक्त बसून राहायला सांगितलेलं होतं. पण विचारल्यावर सांगितलं. इंग्रजांत जो माणूस लेथवर लाकूड फिरवून, कातून वस्तू करतो त्याला टर्नर म्हणत, जसं आपल्याकडं कातारी. पोळपाट-लाटणं, पलंगाचे पाय, पाळण्याचे रंगीत खुंट करणारा. आपल्यात सुतार, लोहार अशी आडनावं पडली, तसंच तिकडं धंद्यावरून हे पडलं. आमच्या घरात इंग्रज कोणी नव्हता. माझे आजोबा नगरच्या एका मिशन शाळेच्या कारखान्यात लेथवर काम करायचे. तिथल्या हजेरीपटात त्यांचं नाव यशवंत, पुढं स्वल्पविराम आणि काम म्हणून टर्नर, असं लिहिलेलं असे. वडिलांना शाळेत घालताना तोच कागद दाखवला. मास्तरांनी उतरवून घेताना स्वल्पविराम सोडून दिला. त्या दिवसापासून आम्ही टर्नर.

लोक हसले. धुरपताबाईही थोड्या हसल्या. तिथंच थांबले असते तर चाललं असतं. पण मी पुढचंही सांगितलं. बाळंतपण मी केलं नाही, अक्काताईंनी केलं, ओव्या त्यांच्या, आणि हे नाव त्यांनीच सुचवलं, हे सगळं. गोविंदभाऊंनी मान वर करून आधी माझ्याकडं, मग बायकोकडं पाहिलं. केसीबाईंनी फक्त "हाव" म्हटलं. ते उठून निंबाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. टर्नर त्यांच्यामागं गेली. दोघं त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. परत आले तेव्हा गोविंदभाऊंचा चेहरा उतरलेला होता, पण त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं ठेवला.

धुरपताबाईंनी पदर सारखा केला. मग त्यांनी विचारलं, त्या ओव्यावाल्या बाईची पोरंबाळं? मी सांगितलं, एक मुलगी झाली होती, ती जगली नाही.

"मंग आपल्या लेकीले द्यावं तसं नाव तिनं दिलं म्हना," धुरपताबाई म्हणाल्या. "मी घरात इले तनुजा म्हनीन. माह्या तोंडाले थे इंग्रजी बसत नाही. कागदावर तुमचं राहू द्या."

टर्नरनं त्यांच्याकडं पाहिलं. तिला यापेक्षा जास्त हवं होतं, हे मला दिसलं. पण ती म्हणाली, "हाव आत्याबाई." आणि चहा ठेवायला आत गेली. संदीप आतापर्यंत आत्याच्या मागं बसून होता. तो उठून तिच्यामागं आत गेला, आणि थोड्या वेळानं चहाचे कप त्यानंच आणले. आमच्याकडं लग्नाआधी जावई कप घेऊन बाहेर आला असता तर चार जण काहीतरी बोलले असते. इथंही बोललेच.

लग्न

लग्न दुपारी लागलं. मंडपात पंखे होते, ते गरम वारा अंगावर फेकत होते. पंगतीत आलू-वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात, बुंदी आणि लापशी. लापशी तीनदा वाढली, नको म्हणायला तोंड रिकामं नव्हतं. अक्षता पडताना शेजारच्या एका बाईनं माझ्या डोक्यावर ओला रुमाल टाकला, घोळण्याची बातमी रिसोडपर्यंत गेलेली होती.

निघायच्या आधी तांड्यातल्या बायका नवरीभोवती जमल्या आणि तिनं ढावलो म्हटला. मुलीनं माहेर सोडताना रडत रडत म्हणायचं हे गाणं. आईला, बापाला, भावाला, दारच्या झाडाला, एकेकाला हाक मारून ती काहीतरी सांगत होती. मला शब्द कळले नाहीत. मध्ये एकदा 'सिस्टर' ऐकू आलं. काय म्हणाली ते मी कोणाला विचारलं नाही.

नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं असतं ते सासरी. पण धुरपताबाईंनी ताट मंडपातच मागवलं. सिस्टर तिकडं कशाला येईल, तिच्यासमोरच होऊन जाऊ द्या, म्हणाल्या. स्टीलच्या ताटात तांदूळ पसरले. संदीपच्या हातात अंगठी दिली. सगळे वाकून बघायला लागले. कोणतं नाव लिहायचं हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं आत्याकडं पाहिलं. आत्यानं दुसरीकडं पाहिलं.

त्यानं लिहायला सुरुवात केली. अक्षरं मोठी झाली, ताटाच्या कडेला जाऊन टेकली. 'टनर' एवढंच लिहून त्यानं अंगठी वर उचलली.

नवरी वाकली. हातात चुडा, मेंदी, डोळे अजून ओले. तिनं उजव्या हाताचं बोट पुढं करून दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर रफार दिला.

"हे वर काय काढलं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"राह्यलं होतं आत्याबाई," ती म्हणाली.